उरलेली फ्रेम

बाबा, दोनेक महिन्यांपूर्वी तुमच्या नातवाने माझा फोटो काढला. मीच म्हटलं होतं, एक धड फोटो काढून ठेव, माझ्यामागे भिंतीवर लावायला. एकटीचं घर, तेव्हा शोधाशोध कोण करणार? चहा निवायच्या आत त्याने वीसेक काढले. सगळ्यांत माझे गाल घासूनपुसून ठेवलेल्या ताटासारखे आणि कपाळावरचा व्रण गायब. विचारलं तर म्हणतो, "फोनच काढून टाकते वो आत्या. छान दिसून राह्यली नं?" मला न विचारता माझा व्रण पुसणारा हा फोन कोण लागून गेला? तुम्हीही डाग पुसायला निगेटिव्हवर पेन्सिल चालवायचात, पण गिऱ्हाइकाने सांगितलं तरच.

मग आमचं जुंपलं, तुमचा रोलचा कॅमेरा बरा की त्याचा फोन. तो म्हणाला, "एका रोलच्या पैशात माह्यं महिन्याचं पेट्रोल होते. धुवाचे अल्लग! यात कितीबी काढ, फुकट." स्पष्टपणात तो जिंकला, हे मान्य करते. त्याच्या फोनमध्ये संध्याकाळच्या अंधारातही कढीपत्त्याचं पान न्‌ पान दिसतं, तुम्ही काढलेल्या लग्नांच्या फोटोंत मांडवाच्या कोपऱ्यातली माणसं रव्यासारखी दाणेदार व्हायची. तुमचे रंगीत फोटो आता तांबूस पडलेत, तेही खरं. पण त्याचे हजारो फोटो पुन्हा कोण बघतं? तोसुद्धा नाही. फुकट मिळालेल्याकडे कोण वळून बघतो, असं मी त्याला ऐकवलं. तो हसून सावंगीला ड्यूटीवर निघून गेला, आणि घरात मी नि माझी जीभ.

तुम्ही आंजी गावातल्या एका लग्नाचे फोटो आटोपून आलात तो दिवस आठवतो. दारातूनच ओरडलात, "या बाहेर, रोलात दोन फ्रेम उरल्या!" आईचे हात कणकेचे. "थांबा नं, लुगडं त बदलू द्या." "उजेड थांबते का? रोल धुवाले टाकाचा हाय. उभी राह्य तशीच." आमच्या घरातले सगळे फोटो असेच, ओसरीच्या पायरीवर, कुणाच्या तरी लग्नाच्या शेपटाला. कॉन्व्हेंटमधल्या मैत्रिणी वाढदिवसाला नवा फ्रॉक घालून स्टुडिओत जायच्या, आणि फोटोवाल्याची मुलगी उरल्यासुरल्यावर. त्या दिवशी मी पाय आपटून म्हटलं, मी उरलेल्यात उभी राहणार नाही. तुम्ही कॅमेरा डोळ्यावरून काढलात. रागावला नाहीत. "बाई, बाकीच्या साऱ्या गिऱ्हाइकाच्या. माह्या म्हनून एवढ्याच असते." मला तेव्हा ती चिक्कूपणाची सबब वाटली. त्या फोटोत माझं तोंड फुगलेलं आहे आणि व्रण स्वच्छ दिसतो.

फोनमध्ये काही संपतच नाही, बाबा. त्यामुळे काही उरतही नाही, आणि उरलेलं कुणावर खर्चावं म्हणून घरात कुणी हाका मारत नाही.

गेल्या महिन्यात हट्टाने रोल मागवला. किंमत सांगत नाही, तुम्ही उठून बसाल. तुमच्या कॅमेऱ्यात भरला आणि केळझरची टेकडी, शाळेचं फाटक, कढीपत्ता, शेजारणीची शेळी, जे दिसेल ते काढत सुटले. काल तुमचा नातू आला, कॅमेरा उलटा करून मागे फोटो दिसायचा पडदा शोधू लागला, मग म्हणाला, "दे आत्या, याच्यावर तुह्या एक काढतो." मी म्हटलं, रोल संपला.

खोटं बोलले. एक उरली आहे. त्याच्या हातात द्यायला मन झालं नाही. आज दुपारी भांडी घासता घासता उठले, साडी न बदलता, ओल्या हातांनी पायरीवर जाऊन उभी राहिले. कॅमेरा समोर स्टुलावर होता, त्याच्यामागे कुणी नव्हतं. उजेड चांगला होता. उजेड जाईपर्यंत मी तिथेच होते.