तेल खाणारी गाडी

आबा, अंगणातली ती जपानी गाडी चालू झाली. तुम्हाला हे सगळ्यांच्या आधी कळायला हवं होतं, पण तुम्ही जाऊन आता इतकी वर्षं झाली की काही सांगायचं म्हटलं तर असं कागद घेऊन बसावं लागतं. तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होते. आता साताऱ्यात एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते, मामांकडे राहते, आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की सांगलीची एसटी धरते. बी.एस्सी. झाले तेव्हा आईने गल्लीत पेढे वाटले आणि प्रत्येक दारात एकच वाक्य म्हणाली, "आमच्यात ही पहिलीच." तुम्ही असतात तर गॅरेजमध्ये पंक्चर काढायला आलेल्यालाही माझे मार्क ऐकवल्याशिवाय सोडलं नसतंत.

तुमच्या गॅरेजमधलं मला सगळ्यात जास्त काय आठवतं, तर कानशीचा आवाज. पत्रा कापला, नळी कापली, पितळेची झाळ दिली, की तुम्ही त्याची कड घासत बसायचात. समोर जतचा एखादा जीपवाला चुळबुळत उभा असायचा. "मिस्त्री, आवरा की आता, चालतंय तसंच." "तुला चालतंय रं, तुज्या पोराचा हात कवातरी हितं जाईल की." मग मला हाक मारायचात. मी दप्तर टाकून यायची आणि त्या कडेवरून अंगठा फिरवायची. "लागतंय का?" "न्हाई." "मग झालं." गिऱ्हाइकाला वाटायचं पोरीचे लाड चालले आहेत. मला वाटायचं, गाडी पास करण्याचा अधिकार माझा आहे. खरं सांगायचं तर अजूनही शाळेतलं नवं बाक आलं की माझा अंगठा आपोआप त्याच्या कडेवरून फिरतो.

ही गाडी पेठेतल्या हळदीच्या शेठची. त्यांचा भाऊ आफ्रिकेतून परत येताना घेऊन आला होता. लांब नाकाची, लाल, दोनच दारांची. हिच्या इंजिनात पिस्टनच नाही, आत तिकोनी काहीतरी गरगर फिरतं, एवढं कळल्यावर सांगलीतल्या कुणी तिला हात लावला नाही. तुम्ही लावलात. तिला एकच खोड होती, ती तेल खायची. पेट्रोल नव्हे, इंजिनचं ऑइल. शेठ दर आठवड्याला येऊन कुरकुरायचे. आणि तुमच्या आमच्या जगात तेल खाणारं इंजिन म्हणजे आजारी इंजिन, त्याला दुसरा अर्थच नाही. मग एक दिवस तुम्ही घरी आलात ते हात न धुताच चुलीपाशी आलात आणि आईला म्हणालात, "थांबवलं बघ. सगळ्यांनी हात टेकलं होतं. आता थेंब खात न्हाई." त्या दिवशी तुम्ही शेठकडून मिळालेला बत्ताशांचा पुडा माझ्या हातात दिलात. पेठेत नाव झालं. मोठ्या गाड्या आपल्या गॅरेजकडे वळू लागल्या.

मग शेठच्या मुलीचं लग्न आलं. साताऱ्यात कार्यालय, आणि नवरी या गाडीत. कराड ओलांडल्यावर गाडीचा जोर गेला, पुढे थोडं रखडली आणि कायमची थांबली. नवरी शालू सावरत आचाऱ्याच्या टेम्पोत, पातेल्यांच्या शेजारी बसून कार्यालयात पोचली. दुसऱ्या दिवशी शेठ गाडी दोराने ओढत तुमच्या दारात घेऊन आले. "मारलीस तू माझी गाडी. ठेव आता तुझ्याकडंच, लोखंड झालंय त्याचं." अख्खी गल्ली बाहेर आलेली. तुम्ही एवढंच म्हणालात, "शेठ, माझ्या हातनं न्हाई झालं हे." संध्याकाळी मी विचारलं, "आबा, खरंच तुमच्या हातनं नाही ना?" तुम्ही मला कधी ओरडला नव्हतात. त्या दिवशी ओरडलात. "न्हाई म्हटलं ना! परत विचारू नगंस." त्यानंतर मोठ्या गाड्या यायच्या बंद झाल्या. ही मात्र अंगणात राहिली. तुम्ही पुन्हा तिचं बॉनेट उघडलं नाहीत, आणि आम्हालाही उघडू दिलं नाहीत.

तुम्ही गेल्यावर आईने तिच्या टपावर सांडगे वाळत घातले, कोंबड्या खाली बसू लागल्या, आणि गंजाने खालचा पत्रा इतका खाल्ला की सीटवर बसलं तर पायाखाली जमीन दिसायची. भंगारवाला दरवर्षी यायचा. आई दरवर्षी "पुढच्या साली बघू" म्हणायची. मी पदवीच्या वर्गात इंजिनांबद्दल वाचू लागले तेव्हा माझं ठरलं. ही गाडी मी उभी करणार, शेठच्या दारात नेणार आणि म्हणणार, "बघा. माझ्या आबांच्या हातानं हे झालं नव्हतं." मला त्या वाक्याची इतकी खात्री होती की मी ते कित्येकदा मनात म्हणून पाहिलं होतं.

मामा साताऱ्याच्या एसटी डेपोत पत्र्याचं काम करतात हे तुम्हाला माहीतच आहे. आधी ते हसले. "बाय, ही गाडी न्हाई, ही चाळण हाय." पण सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर सांगलीला येऊ लागले. सडलेला पत्रा कापायचा, नवा तुकडा बसवायचा, झाळायचा, घासायचा, खाचाखळग्यांत लांबी भरायची, पुन्हा घासायचं. माझे हात बघून शाळेतल्या बाईंनी विचारलं, काय गं, शेणी थापतेस का? दोन पावसाळे या पत्र्यातच गेले. मग इंजिन उतरवलं. आतून ते तिकोनी चाक बाहेर काढलं, फुगीर बाजूंचं, हाताला जड. आई परात घेऊन चालली होती ती थांबली. "अगं, ही तर घडीची चपाती. ह्याच्यावर गाडी पळायची व्हय?" मामा त्या दिवशी इतके हसले की पाना हातातून पडला.

त्या चपातीची तीन टोकं आतल्या भिंतीला घासत फिरतात. टोकांवर बारीक पट्ट्या असतात. साध्या इंजिनात खालून तेल उडून पिस्टनच्या बाजूंना लागतं, इथे तशी सोय नाही. म्हणून हे इंजिन बनवणाऱ्यांनीच थोडं थोडं तेल मुद्दाम आत सोडायची व्यवस्था केली आहे. ते पट्ट्यांना ओलं ठेवतं आणि जळून जातं. म्हणजे ही गाडी तेल खाते ती आजारी असते म्हणून नाही, आबा. ती तेल खाते म्हणून जगते. हे मी वाचलं होतं, पण वाचताना तुमची आठवण झाली नाही. आठवण झाली ती त्या रविवारी. आई बाजारात गेली होती. पंपापासून वर जाणारी तेलाची बारीक तांब्याची नळी मी सोडवली आणि तिचं टोक बंद सापडलं. चेपून पितळेने झाळलेलं. मला वाटलं, बनवतानाच तशी असेल. मी त्यावरून अंगठा फिरवला. कुठेच लागलं नाही. इतकं गोल, इतकं गुळगुळीत टोक, जिथे कधी कुणाचा हात जाणार नव्हता अशा ठिकाणी. सांगलीत असं काम करणारा एकच माणूस होता.

आतली भिंत रेघा पडून खरवडली होती, पट्ट्या झिजून काही ठिकाणी मोडल्या होत्या. कोरडी फिरून फिरून. मी अंगणात तशीच बसले. मामांनी नळी हातात घेतली, टोक पाहिलं, आणि त्यांनाही कळलं. टोकावरून त्यांनीही अंगठा फिरवला. मग म्हणाले, "दाजींनी लय झ्याक बंद केलीया."

"मामा, मी शेठना काय सांगू आता?"

"काय सांगायचं? काय बी सांगू नगंस. गाडी न्यायची, हारन वाजवायचा, परत यायचं. ही नळी आत्ता देतो किस्नामाईत टाकून. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना."

"तुला कळलं तर कळू दे. पर तुज्या आईला, आक्काला न्हाई सांगायचं. ती दाजींच्या त्या एका बोलण्यावर इतकी वर्षं गल्लीत मान वर करून चालतीया."

तो महिना वाईट गेला. मी तुमच्यावर रागावले होते, आणि कशासाठी ते मला सांगता येत नव्हतं. तुम्ही खोटं बोलला नव्हतात. तुम्ही एक आजार बरा केला होतात, तो आजारच नव्हता. ज्या कामाचे बत्तासे मी खाल्ले, त्याच कामाने इंजिन मेलं. शिकलेल्या पोरीला हे कळायला पुस्तक होतं. तुमच्याकडे काय होतं? शेठची कुरकुर आणि तुमचे हात. पण हे सगळं पटूनही मनातलं ते वाक्य काही जाईना.

नव्या पट्ट्या आणि नळी मैत्रिणीच्या भावाने आणल्या, तो जहाजावर असतो. मी एसटीडी बूथवर उभी राहून मैत्रिणीला त्यांची नावं एकेक अक्षर करून सांगितली होती. भिंत इथेच घासून घेतली. ती पूर्ण बरी झाली नाही, त्यामुळे गाडी पूर्वीसारखी पळणार नाही, पण पळेल. चालू झाली त्या सकाळी गल्लीभर निळा धूर झाला आणि समोरचे काका लुंगी सावरत आले. "अगं, ऑइल जाळतीया की! पिस्टनच्या रिंगा गेल्यात हिच्या. तेल बंद कर आधी!" मागून आणखी दोघं तेच म्हणाले. मी मधे उभी राहून सगळ्यांना "असू दे, असू दे" म्हणत होते. तेव्हा मला पहिल्यांदा नीट दिसलं, त्या दिवसांत तुमच्या भोवती कोण कोण उभं असेल.

शेठ आता म्हातारे झालेत. दुकान मुलगा बघतो, ते आत गादीवर बसून असतात. मी गाडी दारात लावली. हॉर्न वाजवला नाही, पण तो घरघराट ओळखून ते स्वतःच बाहेर आले. एक पाय चपलेत, एक तसाच. माझ्याकडे, गाडीकडे, पुन्हा माझ्याकडे. "मिस्त्रीची पोरगी ना तू?"

मी म्हटलं, "हो. शेठ, तुम्ही म्हणाला होतात ते खरं होतं. इंजिन आबांच्याच हातनं गेलं. ती तेल खाते म्हणून त्यांनी तेलाची नळी बंद केली होती. ती बंद करायची नसते. त्यांना ते माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, गाडी बरी केली."

हळदीचं पोतं उचलणारे हमाल थांबले. शेठ पायरीवर बसले. "आणि मी आतून आवाज ऐकला," ते म्हणाले, "वाटलं, आली. आता ही मला चार शब्द ऐकवणार. 'चुकलं माझं' म्हणायचं ठरवून चप्पल घालत होतो मी."

मी आतून त्यांची दुसरी चप्पल आणून पायाशी ठेवली.

"तेल खाते, तेल खाते म्हणून त्याच्या मागं मीच लागलो होतो," ते म्हणाले. मग, "पण नळी त्यानंच बंद केली म्हणतेस."

"हो."

"आमची लेक टेम्पोतनं उतरली ती हसत होती, ठाऊक आहे? पातेल्यावर ताल धरत आली म्हणे. रागावलो होतो तो मी एकटा." मग ते गाडीत बसले. मी त्यांना नदीच्या घाटापर्यंत नेऊन आणलं. उतरताना मागे निळा धूर पाहून म्हणाले, "अजून खातीय की गं." मी म्हटलं, "तिला लागतं, शेठ." "खाऊ दे मग," म्हणाले आणि आत गेले.

इथपर्यंत सगळं मी तुम्हाला ताठ मानेने सांगू शकते. पुढचं तेवढं नाही. घरी आले तर आई दारात उभी. "काय म्हणाले?" तिने विचारलं. तिच्या हाताला पीठ होतं आणि ती ते पुसायचं विसरली होती. मी म्हणाले, "चुकलं माझं, म्हणाले." आई तशीच वळली. आत गेली, चपाती तव्यावर टाकली, ती करपली, तरी उलटली नाही. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या सगळ्या घरांत ते वाक्य पोचलं होतं.

हे पत्र घरात ठेवता येणार नाही. आई साक्षरता वर्गाला जाते आता, आणि भाजीच्या पुड्याचा कागदसुद्धा उलगडून अक्षरं लावत बसते. साताऱ्याला नेईन, फाडेन किंवा ठेवेन. पण तुम्हाला हे सांगायला हवं, की आईला तो प्रसंग एकदा ऐकून पुरत नाही. दर शनिवारी मी पिशवी खाली ठेवायच्या आत ती म्हणते, "सांग की गं परत, नेमकं कसं म्हणाले." आणि मी सांगते, दर वेळी थोडं जास्त. गेल्या शनिवारी तर मी शेठच्या डोळ्यांत पाणीही आणलं.