झाकणाच्या द्रोणांचा वारसा

मी, सावित्रीबाई कोम सोनबा गुरव, वय अंदाजे अडुसष्ट, धंदा पत्रावळी-द्रोण, राहणार मौजे चाकण, तालुका खेड, जिल्हा पुणे, माझ्या मागे भांडणे नकोत म्हणून हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण या कामाला गुडघे लागत नाहीत. मला कुणी धाक घातलेला नाही. लाडीगोडी माझ्या दिराचा मुलगा भैरू याने लावून पाहिली, तिचा काही उपयोग झाला नाही. मी सांगते आहे आणि रंगराव कारकून लिहीत आहेत. ते माझी भाषा नीट करतात. जिथे मी करू दिली नाही ते वाचणाऱ्याला कळेलच.

कलम १. राहते घर मी यजमानांच्या मागे द्रोण विकून घेतले. त्यात वडिलोपार्जित काही नाही. पुढच्या दोन खोल्या भैरूला द्याव्यात. मला मूलबाळ नाही आणि भैरू वाईट नाही, आळशी आहे. आळशी माणसाला छप्पर आधी लागते.

कलम २. पितळी घंगाळ आणि नऊवारी तीन लुगडी भैरूच्या बायकोला, सुमनला. तिने मला सात वर्षे ऊन पाणी दिले आणि एकदाही बोलून दाखवले नाही. असे माणूस आमच्या घराण्यात बाहेरूनच यावे लागते.

कलम ३. विलायती कागदाचा मेण लावलेला पेला, झाकणासह, नग एक. पिंपरीला औषधांचा कारखाना निघाला तेव्हा तिथे गोरे साहेब आले होते. माझा भाचा ज्योतीराम तिथे फिटर आहे. साहेबाने पेला पिऊन फेकला, याने उचलून मला आणून दिला. मी त्यात गेली अडीच वर्षे मीठ ठेवते. हा पेला भैरूला द्यावा, म्हणजे झाकण कसे बसते ते तो रोज पाहील. त्याने लावलेले झाकण द्रोणावर ठेवले की माशी बसावी तसे बसते आणि तसेच उडते.

कलम ४. आता मुख्य.

दिवाळीत मुंबईचे एक शेटजी चाकणच्या कांदेबाजारात आले होते. आमच्या दारात चहा प्यायले, पळसाच्या द्रोणात, वर पानाचे झाकण. द्रोण उलटसुलट करून पाहत बसले. म्हणाले, "बाई, अमेरिकेत, विलायतेत लोकांना पेला धुवायला वेळ नाही. आगगाडीत पितात, आगबोटीत पितात, कारखान्यात उभ्याउभ्या पितात आणि टाकून देतात. सांडू नये म्हणून झाकण मागतात. जगाला पेले पुरत नाहीत." मी म्हटले, "पानाचा द्रोण चहा संपेस्तोवर टिकतो." ते म्हणाले, "तेवढाच टिकायला पाहिजे." माझ्या सगळ्या हयातीत धंद्याची अशी स्तुती कुणी केली नव्हती.

दोनशे नमुने पाठवले. मागच्या आठवड्यात पत्र आले: जानेवारीपासून महिन्याला पाच हजार द्रोण, झाकणासह, ज्या हाताने नमुना केला त्याच हाताचे. काम कुणाच्या नावाने लिहायचे ते कळवा. भैरू लगेच म्हणाला, "काकी, पत्रावळीचा हक्क गुरवाचा हाय. माझं नाव घाला." आणि वर म्हणाला, "तुमच्यासारखा टाका अख्ख्या मावळात न्हाई."

तो टाका माझा नाही.

(रंगरावांनी लेखणी खाली ठेवली आहे. रंगराव, उचला.)

यजमान गेले त्याच साली माझ्या उजव्या हाताची बोटे आखडली. काडी धरवेना. देवळाच्या पंगतीचे पान द्यायचे, लग्नसराई तोंडावर, आणि काम गेले तर गुरवाच्या विधवेला कोण विचारतो? मी परसात पानांचा ढीग पुढे घेऊन रडत बसले होते. कुडापलीकडून खातूनबी पिंजारीण बघत होती. तिचा नवरा कापूस पिंजायचा, तोही त्याच थंडीत गेला होता. म्हणाली, "द्या इकडं, अक्का. पानाला काय कळतंय कुणाचा हात हाय ते." मी दिले. त्या दिवसापासून पंधरा वर्षे या गावातल्या एकूण एक पंगतीचे पान आणि द्रोण खातूनबीने लावले आहेत. कापसाच्या बोचक्याखाली टोपली लपवून ती मागच्या दाराने यायची. पैसे निम्मे निम्मे वाटले. नाव सगळे मी घेतले.

झाकणही तिच्याच डोक्यातून निघाले. कागदाचा पेला तिने एकदा हातात घेतला, दुसऱ्या दिवशी पानाचे झाकण करून आणले.

भैरूच्या लग्नात खातूनबीला शेवटी, गोठ्याशेजारी वाढले. तिनेच लावलेल्या पानावर. मी वाढत होते. तिने मान वर केली नाही, मीही तोंड उघडले नाही. याची मला लाज वाटते. ती मृत्युपत्रात लिहायची चीज नाही असे रंगराव म्हणतात. लिहा.

म्हणून: मागची छपरी, पानांचा साठा, काड्या, विळे आणि शेटजींचे संपूर्ण काम खातूनबी कोम मरहूम रहिमान पिंजारी हिला मिळावे. भैरूने हरकत घेतल्यास कलम १ मधल्या खोल्याही तिलाच जातील. हरकत न घेतल्यास खातूनबीने त्याला झाकण शिकवावे. त्याला जमेल असे मला वाटत नाही, पण तिच्या अंगात सबुरी फार आहे.

कलम ५. मारुतराव पाटलांनी माझ्याकडून नेलेली शिडी त्यांच्याकडेच राहू द्यावी. अकरा वर्षांत ती मागायची संधी त्यांनी मला दिली नाही, आता कष्ट घेऊ नयेत.

कलम ६. माझ्या तेराव्याचे पान आणि द्रोण खातूनबीने लावावेत. गावाने पोटभर जेवावे. सगळ्यांचे हात धुऊन झाले, विडा तोंडात गेला, की मग रंगरावांनी हे मृत्युपत्र मोठ्याने वाचावे. त्याआधी नाही. ज्याला मळमळेल त्याने आठवावे की पंधरा वर्षे पचले. ज्याला राग येईल त्याने माझ्यावर काढावा, मी सोयीच्या ठिकाणी असेन. खातूनबीवर कुणी काढला तर जगाला पेले पुरवणारी बाई या गावाने हाकलली असे लोक म्हणतील, आणि ते खरे असेल.

यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. एवढे बोलायला एकदाच जमते.

मुक्काम चाकण, ता. ९ डिसेंबर १९५७, सोमवार.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, सावित्रीबाई कोम सोनबा गुरव. (उजव्याची बोटे वळत नाहीत, वर सांगितलेच.)

साक्षीदार १. मारुतराव पाटील. बाईंनी आमच्या समक्ष अंगठा केला. मजकूर आम्हांस वाचून दाखवलेला नाही, साक्षीला त्याची जरूर नाही असे रंगराव सांगतात. चहा घेतला. सावित्रीबाईंच्या हातचे झाकण फार सुबक बसते.

साक्षीदार २. रंगराव कारकून. मजकूर मीच लिहिला, त्यामुळे सगळा ठाऊक आहे. कलम ४ लिहून झाल्यावर मी बाईंना विचारले, "माझ्या लेकीच्या लग्नात?" त्या म्हणाल्या, "साडेचारशे पानं. समदी तिचीच." मी बराच वेळ परसात जाऊन बसलो. बाईंनी मला घाई केली नाही. परत येऊन सही करत आहे. शेटजींना द्यायचे उत्तर मृत्युपत्र उघडेपर्यंत थांबणार नाही, बाईही इतक्यात कुठे जात नाहीत. म्हणून त्यांना विचारून पत्र आत्ताच लिहिले आणि नावाच्या जागी खातूनबी घातले आहे. उद्या सकाळी मी स्वतः टपालात टाकतो.