शेळीवर लावलेली किंमत रद्द होऊन शेळी परत मिळणेबाबत

प्रति,
मा. निरीक्षक साहेब,
वजने व मापे कार्यालय,
जिल्हा बीड.

अर्जदार : आश्रुबा दगडू घोळवे, वय बहात्तर (आधार कार्डावर ऐंशी आहे, ती आठ वर्षे मी भोगलेली नाहीत), धंदा शेती व देखरेख, रा. सिरसाळा, ता. परळी.

विषय : बचतगंगा सुपर शॉपी, सिरसाळा यांनी फसव्या किमती लावणे, जादा आकारणी करणे व त्याच ओघात अर्जदाराच्या ताब्यातील शेळी विक्रीस काढणे याबाबत.

संदर्भ : मागील सोमवारी आपल्या कार्यालयात केलेली तोंडी तक्रार. आपण दौऱ्यावर होतात. आपल्या शिपायाने ती उभ्याने ऐकली, मधेच खाली बसला व "बाबा, हे लेखी द्या, माझ्या तोंडून साहेबाला खरं वाटनार न्हाई" असे म्हणाला.

महोदय,

वरील विषयी विनंतीपूर्वक लिहितो की, मी आजवर कोणत्याही कचेरीत खोटे बोललेलो नाही. गावात बोललो असेन, पण गावात लोकांची तशी अपेक्षा असते.

१. सदर दुकान मोंढ्याच्या रस्त्याला दिवाळीच्या तोंडावर सुरू झाले. त्यापूर्वी आम्ही आठवडी बाजारात माल घेत असू. तेथे भाव तोंडी ठरत. विकणारा खोटे सांगे, घेणारा त्याहून खोटे सांगे, आणि फसवणूक उभयपक्षी सारखी वाटली जाऊन दोघेही समाधानाने घरी जात. नव्या दुकानात भाव छापलेला असतो. छापलेल्या भावाला आईची शप्पत घालता येत नाही, आणि आपण रुसून चार पावले निघालो तर तो मागून हाकही मारत नाही.

२. तथापि छापलेला भावही खरा नसतो, असे आढळून आले. फळीवर तूरडाळ एकशे अठरा, पावतीवर एकशे छत्तीस. मॅनेजर श्री. अभिमन्यू यांना विचारता, फळीवरची चिठ्ठी मागच्या आठवड्यातली आहे, असे उत्तर मिळाले. डाळही मागच्या आठवड्यातलीच आहे, हे मी नम्रपणे दाखवून दिले. अंगाच्या साबणाच्या पाच वड्या सुट्या घेतल्या तर दीडशे रुपये. त्याच ‘महाबचत’ अशा तांबड्या अक्षरांखाली एकत्र बांधलेल्या घेतल्या तर एकशे सत्तर. म्हणजे बचत दुकानाची व बांधणावळ आमची. बिस्किटाचा पुडा बाहेरून पूर्वीएवढाच आहे, आत मात्र बिस्किटे दाटीवाटीने बसत नाहीत, पाहुण्यासारखी अंतर राखून बसतात. बाकी सगळी हवा. असा एक मोठा पुडा खात्रीसाठी माजलगावच्या धरणात टाकला असता माझा मेहुणा त्यावर बसून पलीकडच्या काठाला गेला. सदर मेहुणा साक्ष देण्यास तयार आहे, मात्र तो अद्याप पलीकडेच आहे.

३. चहापत्तीच्या डब्यावर दोनशे दहाची चिठ्ठी होती. तिचा एक कोपरा उचकटलेला दिसल्याने मी नखाने खरवडली. खाली एकशे पंच्याऐंशी. त्याखाली एकशे साठ. छापील किमतीवर चिठ्ठी डकवून ती वाढवता येत नाही, एवढा कायदा मला ठाऊक असल्याने मी खरवडतच गेलो. माझ्याभोवती गिऱ्हाइके जमली. एकाने बसायला पोते दिले. शेवटी पत्र्याला लागून जी चिठ्ठी निघाली तिच्यावर साडेतीन आणे, हाली सिक्का, असे लिहिलेले होते. हा निजामाच्या राज्यातला चलनी शिक्का होय, हे आपल्यासारख्या जाणत्यांना सांगणे नको. मी त्याच भावाने डबा मागितला. पत्नी विमलबाई हिच्या पेटीत हाली नाणी आहेत, ती आणून देतो, असेही म्हटले. श्री. अभिमन्यू म्हणाले की कॉम्प्युटर हाली घेत नाही. खरवडलेल्या सर्व चिठ्ठ्या, काळ्या रेघांसकट, मी पुरावा म्हणून सदऱ्याच्या खिशात ठेवल्या. पुढील सर्व अनर्थ या खिशातून झाला.

४. येथे शेळीची माहिती देणे आवश्यक आहे. माझा पुतण्या युवराज व त्याची पत्नी रोहिणी हे दोघे दसऱ्यानंतर उसतोडीला कड्याच्या साखर कारखान्याकडे गेले आहेत. जाताना रोहिणीने आपली शेळी चंद्री आमच्याकडे अर्धलीवर ठेवली. अर्धल म्हणजे चारापाणी आम्ही करायचे, करडे झाली की निम्मी आमची व निम्मी तिची; शेळी मात्र जिची तिची. सदर शेळी रोहिणीला तिच्या आईने दिलेली आहे. घर युवराजच्या नावे आहे, रान युवराजच्या नावे आहे, फटफटीही युवराजच्याच नावे आहे. शेळी तेवढी तिची. म्हणून निघताना तिने विमलबाईच्या हाती घर दिले नाही, किल्ली दिली नाही, शेळीचे दावे दिले व म्हणाली, "काकी, मी येईपत्तूर हिला माझ्यावानी सांभाळा."

५. चंद्री गाभण होती. तिला जनावरांच्या दवाखान्यातून घेऊन येत असता मी चिठ्ठ्यांचा जाब विचारण्यासाठी दुकानाशी थांबलो. दारातील रखवालदार म्हाळू याने नियम सांगितला की पिशवी, छत्री व इतर सामान बाहेर जमा करावे. शेळी इतर सामानात मोडते की नाही याबद्दल आम्हा दोघांत चर्चा होऊन ती मोडते असे ठरले. म्हाळूने मला प्लॅस्टिकचा बिल्ला दिला, मी त्याच्या हातात दावे दिले. या गडबडीत चंद्रीने माझ्या खिशात तोंड घालून सर्व पुरावा खाल्ला.

परत येऊन बिल्ला दिला व म्हाळू दावे परत देणार तोच दारातले यंत्र किंचाळू लागले. म्हाळूने लाल उजेडाचे यंत्र चंद्रीच्या पोटाला लावताच कॉम्प्युटरवर ‘चहापत्ती, अर्धा किलो’ असे उमटले. पुन्हा लावले, पुन्हा तेच. शेपटीकडून लावले तर ‘सवलतीस पात्र’ असे आले. श्री. अभिमन्यू बाहेर येऊन म्हणाले, "तात्या, चहा आमचा हाय, त्याच्या भवतालची शेळी तुमची. आमचा माल तेवढा काढून द्या अन् बिनघोर जा."

६. मी हे प्रकरण तेथेच मिटवले असते. परंतु श्री. अभिमन्यू यांचे आजोबा गुरांच्या बाजारात दलाल होते आणि रक्त कुठे जात नाही. त्यांनी मला शांतपणे विचारले की दावे कोणाच्या हातात दिले होते. म्हाळूच्या, असे मी म्हणालो. "मग बाजाराचा रिवाज काय हाय, तुमीच सांगा. मी लहान हाय." साहेब, आपल्या भागात जनावराचे दावे धन्याने आपल्या हाताने दुसऱ्याच्या हाती दिले की सौदा पक्का. असे कित्येक सौदे मी साक्षीला उभा राहून पक्के केलेले आहेत. पंचक्रोशीत दाव्याचा तंटा झाला की आश्रुबाला बोलवा म्हणतात. दारात तीसचाळीस माणसे ऐकत उभी होती. रिवाज नाही म्हणावे तर माझ्या शब्दावर विकली गेलेली निम्म्या तालुक्याची जनावरे दुसऱ्या दिवशी दावणी बदलू लागली असती. मी रिवाज मान्य केला. चंद्री आत गेली.

७. दुसऱ्या दिवशी ती साबण व पापड यांच्या मधल्या जागेत उभी दिसली. शिंगाला चिठ्ठी होती : छापील किंमत अठरा हजार, त्यावर तांबडी काट, खाली ‘फक्त चौदा हजार नऊशे नव्व्याण्णव, आपली बचत तीन हजार एक’. सदर शेळी जन्मल्यापासून अठरा हजाराला कोणी कधी मागितलेली नाही. जी किंमत कधी नव्हतीच ती खोडून सूट दाखवणे ही उघड दिशाभूल आहे, याची आपण नोंद घ्यावी. तिसऱ्या दिवशी किंमत सोळा हजार झाली. का, तर आत करडे असल्याने मालाचे निव्वळ वजन वाढले. वजन करण्याआधी तिला दुकानातलीच मेथी भरपेट चारलेली होती, आणि त्या मेथीचे बिल माझ्या घरी आले. मी शेळी सोडवून घेता येते का हे पाहायला काउंटरवर गेलो असता तेथील मुलीने मला विचारले, शेळीसाठी कॅरीबॅग देऊ का. तिचे वेगळे बारा रुपये पडतील.

त्याच आठवड्यात चंद्री शाम्पूच्या फळीखाली व्याली. दोन करडे झाली, एक पाट म्हणजे मादी व एक बोकड, दोघांच्याही कपाळावर आईसारखा चांद आहे. संध्याकाळपर्यंत दारावर फलक लागला : ‘शेळी एक घ्या, दोन मोफत मिळवा’. यातील एक करडू अर्धलीने रोहिणीचे व एक आमचे आहे. जे आपले नाही ते मोफत वाटणारा दुकानदार मी प्रथमच पाहत आहे. रविवारी परळीहून एक कुटुंब मोटार घेऊन आले व चंद्रीचे दात बघून गेले. पाडव्याच्या आत नेतो, असे सांगून गेले आहेत.

८. आता मुख्य अडचण. रोहिणी रोज गाडी भरून झाली की दिवेलागणीला फोन करते. आमची खुशाली ती एका शब्दात विचारते. मग म्हणते, चंद्रीला फोन द्या. शेळी दुकानात आहे हे त्या पोरीला तिकडे रानात सांगण्याची आम्हा दोघांचीही छाती झाली नाही. सबब पहिल्या दिवशी मी स्वतः ओरडलो. आवाज बरा लागला. दुसऱ्या दिवशी तिने विचारले, चंद्रीला खोकला झालाय का. झाला म्हणालो. तिने ओव्याची धुरी द्यायला सांगितले, आणि विमलबाईने ती घोंगड्याखाली बसवून मला दिली; कारण, ती म्हणाली, रोगी कोण हे तिला ठाऊक आहे.

करडे झाल्याची गोष्ट माझ्या तोंडून आनंदाच्या भरात निघून गेली. तेव्हापासून रोहिणीला तिन्ही आवाज लागतात. पाटीचा आवाज विमलबाई काढते. लग्नाला पन्नास वर्षे होत आली, हा गुण मला माहीत नव्हता. ती ओरडते तेव्हा शेजाऱ्यांच्या शेळ्या पान्हा सोडून आमच्या अंगणात येतात. बोकडासाठी मात्र घरात माणूस नाही. तो झोपला आहे, असे आम्ही सांगतो. काल रोहिणी म्हणाली, "तात्या, आठ दिस झाले त्यो झोपलाच हाय. त्याला डाक्टरला दाखवा, न्हाईतर मी ईते."

तरी आपणास हात जोडून विनंती की,

(अ) आपण जातीने येऊन फळीवरचे, पावतीवरचे व चिठ्ठीखालचे भाव ताडून पाहावेत.
(आ) शेळीवरची चिठ्ठी उतरवून ती व दोन्ही करडे परळीकरांची मोटार येण्यापूर्वी आमच्या दावणीला पोचवावीत. दाव्याच्या रिवाजाला धक्का लागू नये म्हणून दावे आपण स्वतः हाती घेऊन मला द्यावे. सरकारने दिलेले दावे कोणी नाकारणार नाही.
(इ) तोपर्यंत आपल्या कार्यालयातील बारीक आवाजाचा एक कर्मचारी रोज दिवेलागणीला आमच्या घरी पाठवावा. चहा आमच्याकडे होईल.

आपल्या जीपच्या धुळीकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
आश्रुबा दगडू घोळवे
(सही मराठीत, स्वहस्ते)
सिरसाळा, दि. ११ मार्च २०२५

सोबत : १) तूरडाळीची पावती. २) मेथीचे बिल. ३) मेहुण्याचा जबाब, पलीकडून आल्यावर.

ता. क. : अर्ज पाकिटात घालत असताना रोहिणीचा फोन आला. मी ओरडलो, विमलबाई ओरडली. पोरीने दोन्ही आवाज ऐकून घेतले. मग म्हणाली, "तात्या, आता घसा दुखवू नका. म्हाळूच्या बायकोनं मला पयल्याच दिशी सांगितलंय. मला वाटलं, तुमी दोघं एवढं करताय, तर ऐकावं." सबब विनंती (इ) रद्द समजावी. विनंती (अ) व (आ) मात्र तातडीच्या झाल्या आहेत. कारण रोहिणीची उसतोडीची टोळी परवा पट्टा पाडून, म्हणजे हंगाम आटोपून, निघते आहे, ट्रॅक्टर घरी न येता थेट दुकानाच्या दारात थांबणार आहे, आणि सोबत टोळीतल्या सगळ्या बाया आहेत. आपण त्याआधी पोचलात तर दुकानाच्या हिताचे होईल.