दुधाच्या दाढेत मिसरी

तू चुकीचं शिकवलंस माय, आणि धपाटा बसला माझ्या नातीला. "दुधना दात पडीच जातस, त्यास्नं काय कौतुक," असं तू म्हणायचीस. तेच मी सुनेला दोन वर्षं ऐकवलं. कशी आहेस ते विचारत नाही, तुला जाऊन चाळीस वर्षं झाली. अक्षर वाकडं दिसेल. दुसरीत असताना शाळेतून काढलंस तूच.

इथं धरणगावात आमच्या गल्लीच्या अंगणवाडीत खिचडी झाली की पोरं ओट्यावर रांगेत बसून दात घासतात. ज्याचा त्याचा ब्रश, त्याला रंगीत दोरा. बाई जराशी पेस्ट लावते आणि घासून होईपर्यंत समोरून हलत नाही. मी दारातून म्हटलं, "बाई, पोरं शिकायला धाडली का तोंड धुवायला?" ती म्हणाली, "आजी, दाढ ठणकत असली की शिकणं कुठलं?" मला झोंबलं. चार वर्षांची नात दोन दिवस एकाच बाजूनं चावत होती, आणि ते मला ठाऊक होतं.

तेव्हा तू आठवलीस. मी सहा-सात वर्षांची, कापूस वेचणीचे दिवस, गाल सुजलेला. तू तव्यावर तंबाखू भाजतेस, बठ्ठं घर, लहानथोर सगळं, खोकतंय. ती मिसरी चिमूटभर माझ्या दाढेत दाबतेस आणि म्हणतेस, "गिळू नको, पडी ऱ्हाय." मला गरगरलं, बांधावर जाऊन ओकले, पण ठणका थांबला. म्हणून काल सून कामाला गेल्यावर माझ्या डबीतली चिमूट मी नातीच्या दाढेत दाबली. वर बजावलं, आईला सांगायचं नाही. अंगणवाडीत ब्रश तोंडात घालताच पोर पांढरी पडली आणि भडभडून ओकली. बाईनं वास ओळखला, सुनेला बोलावून घेतलं; गल्लीतच, म्हणून मीही धावले.

सुनेनं तिथंच पोरीच्या पाठीत धपाटा घातला. "आजीच्या डबीला हात लावतेस?" पोर रडली, माझ्याकडे बघितलं, पण बोलली नाही. मी पदरानं तिचं तोंड पुसलं आणि गप्प उभी राहिले. सुनेला एक शब्द खाली पडू न देणारी मी.

डॉक्टर म्हणाले, दाढेखाली पू झालाय, काढावी लागेल. तिच्या जागी नवी यायला सहा-सात वर्षं आहेत. तोवर पोरीनं त्या बाजूनं चावायचं कशानं? हे तुला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं, त्याचं सोड. पण काल डॉक्टरांनी विचारलं, तंबाखू कुठून आली, तेव्हा सून म्हणाली, पोरीनंच आजीच्या डबीतून चोरून खाल्ली. मी शेजारच्या बाकावर होते. तुझ्यावर हा एवढा राग काढतेय तो खरा माझ्यावरचा आहे. म्हणून हा कागद कुठं धाडायचा नाही, चुलीत घालायचा.

आज दाढ काढायला जायचंय. डॉक्टर पुन्हा विचारतील. पोरीनं तोंड उघडायचं ते फक्त दाढ दाखवायला. सुनेनं मधे पडायचं नाही, तूही नाही. उत्तर मी द्यायचं.