इंजिन चालू स्थितीत

मी, ज्याला या रस्त्यावर सगळे मिस्त्री म्हणतात (खरं नाव ओळखपत्रावर आहे, तिथे बघावं), माझ्या गॅरेजच्या बाकावर बसून, डोकं ठिकाणावर असताना लिहून ठेवतो की, हे माझं पहिलं आणि शेवटचं मृत्युपत्र. दाब कोणाचाही नाही. दाब टाकणारी होती ती माझ्याआधी गेली. शाळा सातवीत सुटली, तेव्हा काना-मात्रेवरून कोर्टात जाऊ नये.

कलम १. खालचं घर आणि गॅरेज थोरलीला. वरची खोली धाकट्याला. जिना दोघांचा. जिन्यावरून भांडलात तर जिना काढून टाका आणि धाकट्यानं उडी मारावी.

कलम २. बँकेत असेल ते निम्मं निम्मं. नसेल तर ओरडू नये.

कलम ३. हत्यारं. इंची पाने थोरलीला, कारण शाळेतून आली की दप्तर फेकून तीच माझ्याजवळ बसायची. मिलिमीटरचे जावयाला. त्याला फरक कळत नाही, त्यामुळे वाईटही वाटणार नाही.

कलम ४. गाडी. दोन सीटची, हिरवी, विलायती स्पोर्ट गाडी. गिऱ्हाईकानं भंगार म्हणून सोडली तेव्हा इंजिनात उंदरांनी संसार थाटला होता. ते मी उभं केलं. तिला दोन कार्ब्युरेटर. रबरी नळीचं एक टोक कानात, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून मी दोघांचा श्वास एक केला. रंग मात्र समोरच्या रंगाऱ्यानं मारला. गाडी मी गेल्यावर लिलावात विकावी. पैसे कलम २ प्रमाणे.

कलम ५. लिलाव कसा करावा. लिलाववाला गाडी बघायला आला तेव्हा रंगाभोवती प्रदक्षिणा घालत होता. कागदावर रंगाचं सहा ओळी कौतुक. आणि इंजिनाबद्दल? "चालू स्थितीत." बस. अरे, चालू तो रंगारी आहे, इंजिन नाही! खड्ड्यांत लांबी भरून, कागद घासून, वरून चकचकीत हात फिरवला की झाला साहेब. जन्मभर हेच. गाडी मी नीट करायची आणि गिऱ्हाईकानं त्याची पाठ थोपटायची. म्हणून अट: लिलावात बॉनेट उघडंच ठेवावं. बंद केलं तर विक्री रद्द.

कलम ६. दार. गाडीचं डावं दार खालून सडलं होतं, ते मी नवीन बनवलं. जुन्यावर रंगाऱ्यानं रंगाची चाचणी घेतली. ते दार आमच्या हिनं गॅरेजच्या मागच्या भिंतीला टांगून घेतलं. रोज सकाळी समोर स्टूल टाकायची आणि त्यात बघत वेणी घालायची. घरात चांगला आरसा असताना! मी इकडे इंजिनात वाकलेला, आणि ही त्याच्या रंगात तोंड बघतेय. एकदा विचारलं, "घरातला आरसा फुटला का?" तर म्हणे, "अहो, इथे उजेड चांगला पडतो." त्या दारात मी आजवर डोकावलो नाही.

ही गेल्यापासून रंगारी ते दार मागतोय. वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्यातलं काही मिळत नाही. ऐकून बरं वाटलं. रंगाऱ्याला मुद्दाम साक्षीदार केला आहे.

कलम ७. हे कलम रंगारी सहीला येऊन गेल्यावर लिहिलं आहे.

त्यानं चष्मा लावून कलम ६ वाचलं आणि हसत सुटला. मी म्हटलं, "दात काय काढतोस? सही कर."

"मिस्त्री, त्या दारात वेणी? अरे, दाराला पोट आहे. तोंड भोपळ्यासारखं दिसतं त्यात."

"मग ती काय बघायची?"

"मला काय माहीत! मी म्हटलं होतं, वहिनी, अजून एक हात मारून देऊ का, पण भोपळा काही जाणार नाही. तर म्हणाल्या, राहू द्या भावजी, मला हवं ते दिसतं."

तो सही न करताच गेल्यावर मी दारासमोर स्टुलावर बसलो. तोंड भोपळ्यासारखंच दिसलं. पण माझ्या खांद्यावरून मागचं सगळं गॅरेज त्या दारात मावलं होतं. मधोमध गाडीचं उघडं बॉनेट, आणि मी उभा राहतो ती जागा.

सबब, रंगाऱ्याचं नाव साक्षीतून खोडलं आहे. दार माझ्यामागे त्याला द्यावं. अट: स्टुलासकट न्यावं, आणि समोर कोणीतरी काम करत असेल अशा भिंतीला टांगावं. लिलावात इंजिन सुरू करून सगळ्यांना ऐकवावं आणि मग बॉनेट लावायला हरकत नाही. रंगही दिसू दे एकदाचा.

ही ते बोलली त्याच्याशी, माझ्याशी नाही. याचा राग मात्र मी कोणाच्या नावे करत नाही. तो सोबत नेणार.

साक्षीदार:
१. ~~समोरचा रंगारी~~ कोपऱ्यावरचा टायरवाला (सही)
२. वकीलबाईंचा कारकून (सही)

ठिकाण: गॅरेज, स्टुलावर.
तारीख: वकीलबाईंच्या शिक्क्यावर आहे ती.

सही: मिस्त्री, चालू स्थितीत.