आकडे जुळवणार नाही

प्रिय आई,

नमस्कार. मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते. पण डोकं भयंकर तापलंय.

जमिनीखालचा खडक वर येताना किती वर्षांपूर्वी थंड झाला, हे सांगणारं सॉफ्टवेअर मी तीन वर्षं खपून लिहिलं. त्याची उत्तरं आमच्या सरांच्या पुस्तकाशी जुळेनात. परवा म्हणाले, "आकडे जरा जुळवून घे."

"सर, खडक काय मला विचारून थंड झाला?"

"मग दुसरी नोकरी बघ!"

असा संताप आला! ते सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं करायचं ठरलेलंच होतं. मी त्याच दुपारी केलं. आज दोन अनोळखी संशोधकांनी स्वतः तपासून कळवलं, उत्तरं बरोबर आहेत. सरांनी मात्र माझं टेबल रिकामं करायला लावलं.

तुझा गुडघा कसा आहे? बाबांना टेबलाचं सांगू नकोस. उत्तरं बरोबर आली, तेवढंच सांग.

तुझी हट्टी,
धाकटी