आप्पा, शेवटची अकरा पानं

प्रिय आप्पा,

आज दुपारी ते पुस्तक संपवलं. सांगलीच्या दवाखान्यात तुम्हाला वाचून दाखवत होते, ते. अकरा पानं राहिली आणि तुम्ही गेलात. दोन वर्षं मी ती उघडली नाहीत. आता शेवट तुम्हाला सांगायलाच हवा.

किशोरांसाठीची रहस्यकथा! आधी तुम्ही हसलात. "पोरासोरांचं काय वाचतीस गं?" तिसऱ्या दिवशी स्वतःच विचारलंत, "घड्याळ घावलं का?"

आजोबांचं घड्याळ हरवतं. तीन भावंडं त्यांना कळू न देता चोर शोधतात. रोज सांगतात, दुरुस्तीला दिलंय. आजोबा रोज म्हणतात, बरं.

तुमचा संशय दूधवाल्यावर. "त्योच. दोन येळा आत आला अन् दूध एकदाच घातलं." तीस वर्षं कोइमतूरला सोनं गाळलंत. दुकानात कोण किती वेळा आत-बाहेर करतो, यावर तुमची नजर असायचीच.

दूधवाला नव्हता, आप्पा. घड्याळ धाकटीच्या हातून विहिरीत पडलं होतं. आणि आजोबांनी ते खिडकीतून पाहिलं होतं. पहिल्याच दिवशी! पोरांना वाईट वाटू नये म्हणून गप्प राहिले.

मी तिथेच थांबले. आम्हीही तुम्हाला रोज सांगत होतो, पोटाला सूज आहे, औषधानं उतरेल. तुम्हीही म्हणायचात, "बरं."

त्याच दिवसांत तुम्ही दुकानाच्या किल्ल्या दादाला दिल्यात. आईला मोबाइलवरून गॅसचा नंबर लावायला शिकवलंत. ती चुकली की, "आगं, परत दाब. मी हाय तवर शिकून घे." आम्ही सगळे हसलो. मला वाटलं, तुमचा वेळ जात नाही.

तुम्हाला माहीत होतं ना? मग बोलला का नाहीत? मला तुमच्यासमोर एकदा रडायचं होतं. मी रोज जिन्यात जाऊन रडायचे आणि तोंड धुऊन परत यायचे. तुम्हाला तेही दिसत असणार. तुम्ही आम्हाला सांभाळलंत, पण एकटे राहिलात. एकटं आम्ही ठेवलं.

काल आईचा रिपोर्ट आला. चांगला नाही. मामा फोनवर म्हणाले, "आक्काला काय बी सांगू नगंस. धसका घेईल." दादाचंही तेच मत. मी आईला म्हणाले, साधी गाठ आहे. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मेथी निवडत राहिली. अजून पुढचं काही विचारलेलं नाही.

उद्या सकाळी मी तिच्यासमोर कागद उघडून बसेन. एकेक ओळ मराठीत सांगेन. ती घाबरेल. मामा वर्षभर बोलणार नाहीत. चालेल. तिला रडू आलं तर मी जिन्यात जाणार नाही, तिथेच बसेन. हा शब्द तुम्हाला देते, आप्पा.

विट्याहून, तुमची
उज्ज्वला